टाटा करून निघालेली आई आणि मुलाच्या लाळेतले कॉर्टिसॉल

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाल्या की ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या गृहसंकुलांमध्ये, तळमजल्यावरच्या गाळ्यांत भरणाऱ्या प्लेग्रुप आणि नर्सरीच्या दारांशी सकाळी नऊच्या सुमारास मोठी रडारड ऐकू येते. यंदा त्या गर्दीत मीही होते, कारण अडीच वर्षांच्या भाचीचा शाळेचा पहिला दिवस होता आणि बहिणीला सोबत हवी होती. भाचीने आईच्या ओढणीचे टोक मुठीला दोन वेढे घालून धरले होते. ताईंनी तिला कोपऱ्यातली माशांची टाकी दाखवली, ती काचेला नाक लावून मासे पाहू लागली आणि तेवढ्यात तिथल्या मावशींनी तिच्या मुठीतून ओढणी अलगद सोडवून बहिणीला हळूच सांगितले, "निघा आता, तिचे लक्ष नाही तोवर."

सल्ला चांगल्या हेतूने दिलेला होता आणि त्या क्षणी तो यशस्वीही ठरला, कारण दारात रडारड झाली नाही. पुढचे दहा-बारा दिवस मात्र भाची घरात आईला नजरेआड होऊ देईना. बहीण आंघोळीला गेली की ती बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यावर बसून राही आणि दर मिनिटाला "आई, आहेस ना?" असे विचारी. "लक्ष नसताना निघून जा, म्हणजे मूल रडत नाही" हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय का चुकतो, याचे उत्तर शरीरक्रियाशास्त्रात फार सुंदर रीतीने मिळते, आणि हा विषय मी शिकवत असल्यामुळे ते सविस्तर सांगण्याचा मोह मला आवरत नाही.

आईपासून दूर होताना रडणे हे लाडावल्याचे लक्षण नाही, एवढे आधी स्पष्ट करायला हवे. साधारण सात-आठ महिन्यांच्या वयात ही भीती दिसू लागते, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ती सर्वाधिक असते आणि तीन वर्षांच्या आसपास बहुतेक मुलांमध्ये ती ओसरू लागते. ब्रिटिश मनोविश्लेषक जॉन बोल्बी यांनी तिचा संबंध उत्क्रांतीशी जोडला. पालकाच्या जवळ राहणारे पिल्लू जगण्याची शक्यता अधिक असल्यामुळे दुरावा हाच धोक्याचा इशारा मानणारा मेंदू टिकून राहिला, असे त्यांचे म्हणणे होते.

हा इशारा मिळाल्यावर शरीरात दोन यंत्रणा चालू होतात. पहिली वेगवान असते. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या गाभ्यात अॅड्रेनॅलिन आधीच तयार करून ठेवलेले असते, त्यामुळे ते काही सेकंदांत रक्तात उतरते, छाती धडधडते आणि हात घट्ट आवळले जातात. दुसरी यंत्रणा संथ असते आणि माझ्या मते अधिक विलक्षण असते. मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस एक संप्रेरक सोडतो, ते अगदी आखूड रक्तवाहिन्यांमधून लगतच्या पिट्युटरी ग्रंथीपर्यंत पोहोचते, पिट्युटरी दुसरे संप्रेरक रक्तात सोडते आणि ते पार अधिवृक्क ग्रंथींच्या बाह्यस्तरापर्यंत प्रवास करते. तिथे कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक (हार्मोन) तयार होते. मात्र कॉर्टिसॉलचा साठा नसतो. स्टेरॉइड वर्गातले हे संप्रेरक मागणी आल्यावर कोलेस्टेरॉलपासून नव्याने घडवावे लागते, आणि म्हणूनच ताणाचा प्रसंग घडून गेल्यावर रक्तातली व लाळेतली त्याची पातळी शिखरावर पोहोचायला साधारण वीस ते तीस मिनिटे लागतात. पुढे रक्तातले त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला आणखी एक ते दीड तास जातो.

या संथपणाचा अर्थ पालकांनी नीट समजून घ्यावा असा आहे. तुम्ही स्टेशनच्या रिक्षात बसता न बसता तोच शाळेतून निरोप येतो की पाच मिनिटांत मूल शांत झाले. तो निरोप खरा असतो आणि त्याने धीरही येतो. परंतु रडणे थांबले त्या वेळी कॉर्टिसॉल कदाचित अजून वर चढत असते. रडणे आणि कॉर्टिसॉल ही दोन वेगळी मोजमापे आहेत, आणि एक पाहून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही. मोठ्याने रडणारे मूल लवकर सावरलेले असू शकते आणि कोपऱ्यात चुपचाप बसलेले मूल आतून ताणलेले असू शकते.

ही यंत्रणा थांबते कशी, हेही पाहण्यासारखे आहे. कॉर्टिसॉल मेदात विरघळणारे असल्यामुळे ते रक्तातून मेंदूत सहज शिरते आणि तिथल्या दोन प्रकारच्या ग्राहकांना (रिसेप्टर, म्हणजे संप्रेरकाला पकडून ठेवणारे पेशींमधले रेणू) चिकटते. एका प्रकारच्या ग्राहकांची ओढ इतकी प्रबळ असते की एरवीच्या अल्प प्रमाणातही ते बरेचसे भरलेले राहतात. दुसऱ्या प्रकारच्या ग्राहकांची ओढ क्षीण असल्यामुळे ते मुख्यतः पातळी वाढल्यावरच भरतात, आणि ते भरले की हायपोथॅलॅमस व पिट्युटरी यांना थांबण्याचा संदेश जातो. म्हणजे कॉर्टिसॉलची वाढच कॉर्टिसॉलला आवर घालते. त्याखेरीज दिवसाची लयही असते. जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी. घरी असलेल्या मुलाची पातळी सकाळपासून दुपारपर्यंत उतरत जाते. दिवसभराच्या पाळणाघरांतल्या अनेक मुलांमध्ये मात्र ती उतरण्याऐवजी दुपारपर्यंत थोडी वाढते, आणि हे दोन-तीन वर्षांच्या मुलांमध्ये अधिक ठळकपणे आढळते. कारण त्या वयात समवयस्कांशी जुळवून घेणे हेच फार मोठे काम असते. ही वाढ म्हणजे इजा, असा अर्थ कोणी काढू नये, कारण अशा चढउतारांसाठीच ही यंत्रणा घडलेली आहे. पण सहा तास शहाण्यासारखे वागलेले मूल घरी आल्यावर चपलेच्या बंदावरून हंबरडा का फोडते, याचा थोडा उलगडा त्यातून होतो.

आता मूळ प्रश्नाकडे येते. ही यंत्रणा नेमकी कशाने चालू होते? प्रसंग किती भयंकर आहे यापेक्षा तो आधी कळतो का आणि आपल्या हाती काही आहे का, याला ती जास्त प्रतिसाद देते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मेगन गनार यांनी 1970च्या दशकात एक वर्षाच्या बाळांसमोर झांजा वाजवणारे यांत्रिक माकड ठेवले होते. माकड आपोआप वाजू लागले की बाळे घाबरत, आणि तेच माकड आपल्या हाताने चालू करता आले की भीती कमी होई, हा फरक मुलग्यांमध्ये विशेष दिसला. आई न सांगता नाहीशी होते तेव्हा मुलाच्या दृष्टीने ते आपोआप वाजणारे माकड होते. ती केव्हाही जाऊ शकते हे एकदा कळले की पहारा ठेवणे एवढेच त्याच्या हाती उरते, आणि भाची पायपुसण्यावर बसून तोच पहारा ठेवत होती. डोळ्यांदेखत टाटा करून निघालेली आई दारात रडवते खरी, पण बाकीचे सगळे तास ती पहाऱ्यातून मोकळे करते.

दुसरा शोध मला त्याहूनही महत्त्वाचा वाटतो. विश्वासाचे माणूस जवळ असले तर मूल घाबरते, आक्रसते, पण त्याचे कॉर्टिसॉल फारसे वाढत नाही. हे माणूस जणू पिट्युटरीच्या आधीच उभे राहून संदेश अडवते. ही जागा आईवाचून दुसरे कोणी घेऊ शकते का? गनार आणि सहकाऱ्यांनी 1992 साली नऊ महिन्यांच्या बाळांना अर्धा तास अनोळखी सांभाळणारीकडे ठेवून हे तपासले. काहींची सांभाळणारी बाळ रडले तरच लक्ष देई आणि एरवी आपल्या कामात राही, तर काहींची सांभाळणारी सतत खेळत-बोलत राही. दुसऱ्या गटात कॉर्टिसॉलची वाढ जवळजवळ दिसलीच नाही. अर्ध्या तासाच्या ओळखीतली व्यक्तीही शरीरापर्यंत पोहोचू शकते, ही बाब मला आजही थक्क करते.

बर्लिनमध्ये लिझलोट आनर्ट आणि सहकाऱ्यांनी 2004 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाळणाघरात नुकतीच जाऊ लागलेली पंधरा महिन्यांची 70 बालके होती. आई सोबत असलेल्या दिवसांत, आईशी सुरक्षित नाते असलेल्या मुलांचे कॉर्टिसॉल तुलनेने कमी राहिले, परंतु आई निघून गेल्यावरच्या पहिल्या तासात सर्वच मुलांमध्ये ते घरच्या पातळीच्या पावणेदोन पट ते दुपटीपर्यंत वाढले. म्हणजे नाते घट्ट असले म्हणून ताण येत नाही, असे नाही. त्यामुळे "घरात प्रेम कमी पडले म्हणून रडते" असे म्हणून आईला दोष देणाऱ्या शेजारणींना या आकड्यांचा आधार मिळत नाही.

जर्मनीत 1980च्या दशकापासून रुजलेली बर्लिन पद्धत याच विचारावर उभी आहे. पहिले तीन दिवस पालक वर्गात बसतात आणि मुलाला सोडून जात नाहीत. चौथ्या दिवशी निरोप घेऊन जास्तीत जास्त अर्ध्या तासासाठी बाहेर जातात, आणि मूल ताईंकडून शांत होते का हे पाहून पुढचा वेग ठरतो. कोणाला आठवडा पुरतो तर कोणाला दोन-तीन आठवडे लागतात. आपल्याकडे आठ-बावन्नची लोकल गाठायची असते आणि शाळाही "पालकांनी गेटबाहेर थांबावे" अशी पाटी लावतात, हे मला ठाऊक आहे. तरी आजी, आजोबा, मामी यांपैकी कोणीही हे काम करू शकते, आणि दोन-तीन पालकांनी एकत्र जाऊन विनंती केली तर बहुतेक शाळा ऐकतात असा माझा अनुभव आहे. निरोप मात्र घड्याळात सांगू नये. "बारा वाजता येते" हे अडीच वर्षांच्या मुलाला निरर्थक असते. "डबा खाल्ला, गोष्ट ऐकली, की आजी दारात" हे त्याला कळते आणि दुसऱ्या दिवशी ते त्याची वाटही पाहू शकते.

हा विचार आपल्या मातीलाही नवा नाही. तेव्हा ठाणे जिल्ह्यात आणि आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी-कोसबाडच्या परिसरात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांसाठी 1945पासून काम उभे केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत म्हणून ताराबाईंनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. घर हाकेच्या अंतरावर ठेवूनही मूल शिकू शकते, हे त्यातून दिसले.

पहिल्या दोन महिन्यांत मूल वारंवार आजारी पडते, तेव्हा घरोघरी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली जाते. कारण अगदी साधे असते. नव्या मुलांबरोबर नवे विषाणू येतात, पावसाळ्यात बंद खिडक्यांच्या खोलीत ते झपाट्याने पसरतात आणि या वयात वर्षाला सहा-आठ वेळा सर्दी होणे सर्वसामान्य आहे. ताप आलेल्या मुलाला औषध, पाणी आणि विश्रांती मिळायला हवी. दृष्ट काढण्याच्या भरात डॉक्टरांकडे जायला उशीर होऊ नये. "मेंदूचा बहुतेक विकास पाच वर्षांत होतो" असे सांगून अडीच वर्षांच्या मुलांसाठी कोडिंग आणि मध्यमेंदू जागृतीचे वर्ग विकणाऱ्या जाहिरातींचा मला याहून अधिक राग येतो, कारण त्या विज्ञानाची भाषा उसनी घेऊन पालकांच्या भीतीवर पैसा उभा करतात. त्या वयाच्या मुलाला वर्गात एक ओळखीचा खांदा मिळवून देण्यासाठी वेगळी फी भरावी लागत नाही.

भाचीच्या बाबतीत आम्ही जूनअखेरीस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. माझी आई तीन दिवस वर्गातल्या छोट्या बाकावर विणकाम घेऊन बसली. चौथ्या दिवशी "मी कोथिंबीर घेऊन येते" असे सांगून ती बाहेर गेली आणि पंधरा मिनिटांत खरोखरच कोथिंबिरीची जुडी घेऊन परतली. भाचीने जुडी हातात घेऊन नीट पाहिली आणि ताईंना नेऊन दाखवली. पुढच्या आठवड्यात बहीण सोडायला गेली तेव्हा भाची दारात पुन्हा रडली, टाटाही तिने रडतरडतच केला, आणि मग वळून ताईंच्या खांद्यावर मान टाकली.