एबीएसचा पिवळा दिवा आणि स्कोप: हे सगळं आलं कुठून

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं आणि उतरलं, त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या गॅरेजात एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागलेल्या गाड्या येत होत्या. एकीचा तर मागच्या डाव्या चाकाचा वेग मोजणारा सेन्सर आधीच दोनदा बदललेला, तरी दिवा जाईना. मीटर लावला, रेझिस्टन्स बरोबर, चाक फिरवल्यावर एसी व्होल्टेज पण येतंय. मग स्कोप, म्हणजे सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप, लावून चाक हातानं फिरवलं तर प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी लाट तुटायची. सेन्सर ठणठणीत होता, चाकाबरोबर फिरणारी, सेन्सरसमोरची दात्यांची रिंग खाली गंज फुगून चिरली होती. मीटर सरासरी दाखवतो, एका दात्याची चूक त्यात बुडून जाते.

मुळात चाक जाम होऊ नये ही काळजी आधी विमानवाल्यांना लागलेली. १९५० च्या दशकात डनलॉपचं मॅक्सारेट आलं, ते पूर्ण मेकॅनिकल, आत छोटं फ्लायव्हील, वायरचा पत्ताच नाही. तेच १९६६ ला जेन्सन एफएफ या कारमध्ये बसवलं. खरा बदल १९७८ चा, बॉशनं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासला दिलं आणि तिथनं प्रत्येक चाकाचा वेग वायरीतनं कंट्रोल युनिटला कळायला लागला.

तेव्हाचा सेन्सर म्हणजे लोहचुंबक आणि त्यावर कॉइल, बास. समोरनं दाता गेला की लाट उठते, वेग वाढला की लाटांची संख्या पण वाढते आणि उंची पण. अडचण एकच, चाक अगदी हळू फिरत असेल तर सिग्नल इतका बारीक की युनिटला कळतच नाही.

म्हणून पुढं ॲक्टिव्ह सेन्सर आले. यातल्या बऱ्याच सेन्सरचं मूळ एडविन हॉलनं १८७९ ला शोधलेल्या हॉल इफेक्टमध्ये आहे, म्हणजे करंट वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आला की आडवं व्होल्टेज तयार होतं. याला सप्लाय लागतो, वायरी दोनच, आणि सिग्नल व्होल्टेजचा नाही तर करंटचा, साधारण ७ आणि १४ मिलीअँपमध्ये उड्या मारणारा. चाक कितीही हळू फिरू दे, चौकोनी लाटेची उंची तेवढीच राहते. याला मीटरनं ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, लावून बघण्यात काही अर्थ नाही, पण ही सवय अजून जात नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. सप्लायच्या वायरीत १०० ओहमचा रेझिस्टर टाकून त्यावर स्कोप धरला की ०.७ आणि १.४ व्होल्टच्या पायऱ्या स्वच्छ दिसतात.

स्कोप स्वतः या सेन्सरांहून जुना, त्याचा पडदा ज्यावर चालायचा ती कार्ल फर्डिनांड ब्राउनची कॅथोड रे ट्यूब १८९७ ची. पण गॅरेजात तो आत्ता आत्ता आला. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना पण एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळं आता बाईकवाले पण हाच दिवा घेऊन येतात.

नव्या गाड्यांत बऱ्याचदा दात्यांची रिंगच नसते, बेअरिंगच्या सीलमध्येच तिचं काम करणारी चुंबकाची काळी पट्टी असते, बघून अजिबात ओळखू येत नाही. बेअरिंग उलटं दाबलं की पट्टी दुसऱ्या बाजूला जाते आणि स्कोपवर नुसती सरळ रेघ.