निळा धूर : दोष पिस्टन रिंगचा की व्हॉल्व्ह सीलचा?

दीड-दोन लाख किलोमीटर चाललेले पेट्रोल इंजिन ऑइल खाऊ लागले आणि सायलेन्सरमधून निळसर धूर दिसू लागला, की ‘रिंगा गेल्या’ हा निदानाचा पहिला आणि बहुधा शेवटचा शब्द ठरतो. घरी इंजिन बांधायला निघालेला माणूस त्याच समजुतीवर सगळे इंजिन खोलतो, आणि पुष्कळदा दोष निघतो तो सिलिंडर हेडमधल्या, बोटाच्या पेरावर मावणाऱ्या रबरी सीलमध्ये. उलटही घडते : सील बदलले जातात, हेड चकचकीत होते आणि धूर मात्र तसाच राहतो. दोन्ही वाटांनी आलेले ऑइल शेवटी ज्वलनकक्षातच जळते, त्यामुळे धुराच्या रंगावरून फरक कळत नाही. कामाच्या व्याप्तीत मात्र मोठा फरक पडतो, कारण सील अनेक इंजिनांत हेड न उतरवताही बदलता येतात, तर रिंगांसाठी पिस्टन बाहेर काढावेच लागतात.

पिस्टनवर सामान्यतः तीन रिंगा असतात. सर्वांत वरची ज्वलनाचा दाब अडवते, दुसरी काही दाब अडवून बरेचसे ऑइल खरवडून खाली नेते, आणि तिसरी, म्हणजे ऑइल रिंग, सिलिंडरच्या भिंतीवर केवळ पातळ थर राहू देऊन बाकीचे ऑइल पिस्टनमधल्या छिद्रांवाटे खाली परत पाठवते. रिंगा किंवा सिलिंडर झिजले, की दोन गोष्टी एकदम होतात : भिंतीवर जास्त ऑइल उरून ते जळते, आणि ज्वलनाचे वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, शिरतात. या दुसऱ्या प्रकाराला ब्लो-बाय म्हणतात. इंजिन चालू असताना ऑइल भरण्याचे झाकण काढल्यावर तेथून धुराचे झोत ठोक्याठोक्याने येत असतील, तर संशय रिंगांकडे वळवावा.

व्हॉल्व्ह सीलचे काम याहून साधे आहे. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या आसपास ऑइलचा सतत शिडकावा होत असतो आणि व्हॉल्व्हची दांडी गाइडमधून, म्हणजे तिला सरळ धरणाऱ्या नळीतून, वरखाली सरकत असते. तिच्या वंगणापुरते ऑइल आत जाऊ द्यायचे आणि बाकीचे अडवायचे, एवढेच सीलने करायचे असते. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने रबर कडक होते, त्याची कड दांडीला चिकटून राहत नाही आणि ऑइल गाइडमधून खाली झिरपते. इनटेक, म्हणजे हवा आत घेणाऱ्या, बाजूला हे अधिक जाणवते, कारण आयडलिंगला इनटेक मॅनिफोल्डमधला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा सुमारे ०.६ ते ०.७ बारने कमी असतो आणि ती ओढ ऑइल आत खेचते.

म्हणून धुराच्या रंगापेक्षा त्याची वेळ महत्त्वाची असते. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येऊन थोड्याच वेळात धूर थांबत असेल, तर इंजिन बंद असताना सीलमधून झिरपून व्हॉल्व्हवर साचलेले ऑइल जळाले असे समजावे. दीर्घ उतारावर अॅक्सिलरेटर सोडून, गिअरमध्येच गाडी उतरवल्यानंतर पुन्हा अॅक्सिलरेटर दाबताच लोट आला, तर तोही बहुधा सील किंवा झिजलेल्या गाइडचाच असतो. मात्र अशा वेळी सिलिंडरमध्येही ओढ निर्माण होते आणि अशक्त ऑइल रिंग तेव्हा ऑइल वर येऊ देते, म्हणून या एकाच खुणेवर निकाल देऊ नये. चढावर, भाराखाली, वाढत्या वेगासोबत धूर वाढत जातो आणि इंजिन तापल्यावरही थांबत नाही, तेव्हा रिंगांची शक्यता सर्वांत मोठी. डिझेल इंजिनात इनटेकची अशी मोठी ओढ नसते, त्यामुळे उताराची कसोटी तेथे फारशी उपयोगी पडत नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या गाडीत थोडे ऑइल जळाले तरी धूर डोळ्यांना दिसेलच असे नाही. तेथे सपाट जागेवर, थंड इंजिनावर डिपस्टिक पाहून किती किलोमीटरला किती ऑइल घातले याची नोंद ठेवणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

यानंतर कॉम्प्रेशन टेस्टची, म्हणजे प्लगच्या भोकात दाबमापक लावून सिलिंडरचा दाब मोजण्याची, पाळी येते, आणि सर्वांत जास्त गैरसमज येथेच होतात. इंजिन गरम असावे, सगळे स्पार्क प्लग काढलेले असावेत, इंधन आणि इग्निशन बंद असावे, थ्रॉटल (हवेची झडप) पूर्ण उघडा असावा आणि बॅटरी भरलेली असावी. मग प्रत्येक सिलिंडरवर स्टार्टरने सारखीच आवर्तने देऊन आकडे लिहावेत. पेट्रोल इंजिनात ते अनेकदा १० ते १३ बारच्या आसपास येतात, पण खरी मर्यादा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्येच पाहावी. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल, तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे. आकडा स्पष्टपणे वाढला तर दाब रिंगांजवळून निसटत होता; वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत किंवा हेड गास्केट गेले आहे. येथे लक्षात ठेवायचे ते हे, की व्हॉल्व्ह न बसणे आणि व्हॉल्व्ह सील जाणे हे दोन निराळे दोष आहेत. सील दांडीच्या वरच्या टोकाकडे असतो, दाब अडतो तो व्हॉल्व्हच्या कडेवर आणि सीटवर. सगळे सील फाटले तरी कॉम्प्रेशनचा आकडा उत्तम येऊ शकतो.

तरीही उत्तम आकडा आला म्हणून रिंगांना दोषमुक्त ठरवता येत नाही. ऑइल उशिरा बदलले गेलेल्या इंजिनात ऑइल रिंगच्या खाचेत कार्बन साचतो, परतीची छिद्रे बुजतात आणि रिंग खाचेत अडकून बसते. वरच्या दोन रिंगा ठणठणीत असल्याने दाब पूर्ण मिळतो, आणि इंजिन तरीही ऑइल खाते. माझ्या मते घरच्या निदानातली ही सर्वांत फसवी अवस्था आहे, म्हणून प्लगच्या भोकातून बोअरस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून पिस्टनचा माथा आणि सिलिंडरची भिंत पाहावी. माथ्याची कड ऑइलने धुतल्यासारखी स्वच्छ आणि ओली असेल तर ऑइल खालून येत आहे. क्रँककेसमधले वायू इनटेकमध्ये नेणारा पीसीव्ही व्हॉल्व्हही आधीच तपासावा, कारण तो बिघडला तर सील आणि रिंगा दोन्ही चांगल्या असूनही इनटेकमध्ये ऑइल ओढले जाते. टर्बो असलेल्या इंजिनात टर्बोचा सीलही संशयितांत धरावा.

सील बदलायचे ठरले तर पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन, किंवा पिस्टन खाली असताना दोरी भरून मग तो वर आणून, व्हॉल्व्ह खाली पडू न देता स्प्रिंग काढता येते. क्रँकच्या बोल्टवर पाना ठेवून हवा सोडू नये, कारण इंजिन अचानक फिरून हाताला इजा होते. स्प्रिंग निघाली की व्हॉल्व्हची दांडी आडवी हलवून पाहावी. गाइड झिजून ती डुलत असेल तर नवा सीलही लवकरच निकामी होईल, आणि तेव्हा हेड उतरवून गाइडचे काम करणेच योग्य. जुना सील नायट्राइल रबराचा असेल तर त्या जागी उष्णता अधिक सोसणाऱ्या व्हायटॉन रबराचा बसवणे ही कमी खर्चाची आणि खरोखर उपयोगी सुधारणा आहे.

रिंगांचे काम मोजमापाचे आहे. सिलिंडरची झीज वरच्या भागात सर्वाधिक असते, जेथे वरची रिंग थांबून दिशा बदलते आणि ऑइलचा थर सर्वांत पातळ असतो. म्हणून व्यास तीन उंचींवर आणि प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजावा. झीज किंवा अंडाकृतीपणा मॅन्युअलच्या मर्यादेपलीकडे गेला असेल, तर नव्या रिंगा घालून काहीही साधत नाही. मशीन शॉपमध्ये बोअर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठे पिस्टन घालावे लागतात. मर्यादेत असेल तर होनिंगने, म्हणजे अपघर्षक दगडांनी घासून, भिंतीवर तिरकस जाळी उमटवावी, अन्यथा काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या भिंतीवर नव्या रिंगा बसत नाहीत. निकासिलसारखा कठीण, निकेलयुक्त लेप असलेल्या सिलिंडरवर साधा होन चालवू नये. होनिंगनंतर सिलिंडर गरम पाणी आणि डिटर्जंटने घासून धुवावा, पांढरे फडके स्वच्छ निघेपर्यंत पुसावा आणि लगेच ऑइल लावावे. नुसत्या पेट्रोलने अपघर्षक कण सुटत नाहीत आणि तेच नव्या रिंगा खातात. प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ ढकलून टोकांमधली फट फिलर गेजने, म्हणजे ठराविक जाडीच्या पात्यांनी, मोजावी : ८० मिलिमीटर व्यासाला वरच्या रिंगची फट साधारण ०.३ मिलिमीटर भरते, टर्बोसाठी ती अधिक ठेवतात, कारण तापून टोके एकमेकांना भिडली तर रिंग तुटते आणि पिस्टनही जाऊ शकतो.

इंजिनाची ताकद वाढवण्याचा विचार असेल तर हा क्रम आणखी कडक पाळावा लागतो. टर्बो किंवा वाढवलेले कॉम्प्रेशन थकलेल्या रिंगांवर चढवले तर ब्लो-बाय वाढतो, आणि ज्वलनात मिसळलेले ऑइल मिश्रणाची नॉकिंग (अवेळी आपोआप पेट घेणे) टाळण्याची क्षमता कमी करते, म्हणजे वाढीव ताकदीला नेमके जे सहन होत नाही तेच घडते. त्यामुळे सुधारित इंजिनात रिंगा, सील आणि गाइड ही तिन्ही कामे एकत्रच करावीत. नव्या रिंगा ज्वलनाच्या दाबानेच भिंतीवर दाबल्या जाऊन बसतात, म्हणून पहिल्या प्रवासात इंजिन तासन्‌तास आयडलिंगवर ठेवू नये. मध्यम भार देत, वेग कमीजास्त करत चालवावे आणि पहिले ऑइल व फिल्टर लवकर बदलावेत.