दोष तसाच ठेवून केलेली शस्त्रक्रिया

जन्मजात हृदयदोषाची शस्त्रक्रिया म्हणजे हृदय उघडून त्यातले छिद्र बुजवणे, अशी आपली साधारण समजूत असते. परंतु २९ नोव्हेंबर १९४४ रोजी बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी एका चिमुरडीवर जी शस्त्रक्रिया केली, तिच्यात हृदयाला हातही लावलेला नव्हता. मुलीला ‘टेट्रॉलॉजी ऑफ फॅलो’ हा विकार होता. यात हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असते, महाधमनी सरकून त्या छिद्रावर आलेली असते आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. जोर लावून लावून उजवा कप्पा जाड होतो, अशुद्ध रक्त थेट महाधमनीत शिरते आणि बाळाचे ओठ व नखे निळी पडतात.

बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग यांच्या एक गोष्ट लक्षात आली होती. गर्भात महाधमनी आणि फुप्फुस धमनी यांना जोडणारी वाहिनी जन्मानंतर मिटते. अशा काही बाळांची प्रकृती नेमकी ती मिटल्यावरच ढासळत होती. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी १९३८ मध्ये उघडी राहिलेली अशी वाहिनी बांधून नाव कमावले होते. टॉसिग यांना हवे होते त्याच्या उलट, म्हणजे फुप्फुसाकडे जास्त रक्त नेणारी अशी वाट नव्याने तयार करणे, आणि ग्रॉस यांना त्यात रस वाटला नाही.

ब्लॅलॉक यांनी मग हाताकडे जाणारी धमनी कापून तिचे टोक फुप्फुस धमनीला जोडले. ही जोडणी आधी कुत्र्यांवर बसवली होती ती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकाने. सुतारकाम शिकलेले थॉमस शस्त्रक्रियेच्या वेळी ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाक्यांविषयी सूचना देत होते. १९४५ च्या शोधनिबंधात मात्र त्यांचे नाव नाही, आणि ही निव्वळ नजरचूक मानणे कठीण आहे.

पहिली मुलगी काही महिनेच जगली. पुढे एका सहा वर्षांच्या मुलाच्या धमनीवरचे चिमटे काढताच त्याचे ओठ टेबलावरच गुलाबी झाले.

मूळ दोषांची दुरुस्ती १९५४ मध्ये मिनेसोटात वॉल्टन लिलेहाय यांनी केली. तरीही ज्यांच्या फुप्फुस धमन्या फारच बारीक असतात, अशा काही अर्भकांना आजही आधी हा जोडमार्ग लागतो. त्यासाठी हाताची धमनी आता कापत नाहीत. साडेतीन-चार मिलिमीटरची कृत्रिम नळी बसवतात आणि पुढे दुरुस्तीच्या वेळी ती बंद करतात.