अफू इथली, मॉर्फिन परवान्याचे

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवरचे हुकमी औषध, मॉर्फिन, अफूतून निघते, आणि कायद्याने अफू पिकवू देणाऱ्या मोजक्या देशांत भारत आहे. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातले परवानाधारक शेतकरी बोंडांना चिरा पाडून चीक, म्हणजेच अफू, गोळा करतात. तो सगळा सरकार विकत घेते आणि नीमच व गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत पाठवते. त्यातला मोठा वाटा वर्षानुवर्षे परदेशी औषध कंपन्यांकडे गेला. इथे मात्र १९९७ साली अख्ख्या देशात औषध म्हणून वापरलेले मॉर्फिन भरले अवघे १८ किलो.

त्याचे मूळ १९८५ मध्ये आहे. छाप्यांच्या बातम्यांमधून आपल्याला माहीत असलेला एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धचा, कायदा त्या वर्षी १४ नोव्हेंबरला लागू झाला. रोख होता तस्करांवर आणि शिक्षा कडक, बऱ्याच गुन्ह्यांना किमान दहा वर्षे सक्तमजुरी. गंमत अशी की या कायद्याने वैद्यकीय वापरावर बंदी कधीच घातली नव्हती. पण मॉर्फिन बाळगणे, आणणे, विकणे यांचे नियम करायचे होते राज्यांनी, आणि ते प्रत्येक राज्याने आपापल्या परीने केले. एका रुग्णालयाला चार-पाच परवाने लागत. त्यातले काही दारूचे परवाने देणाऱ्या उत्पादन शुल्क खात्याकडचे, काही औषध प्रशासनाकडचे. सगळे एकाच वेळी चालू असले तरच माल मागवता येई. शेवटचा हाती पडेपर्यंत पहिल्याची मुदत संपलेली असे. नोंदवहीत चार गोळ्यांचा फरक आला तर तुरुंग, या धास्तीने औषध दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणेच बंद केले. १९८५ ते १९९७ या काळात देशातला वापर ९७ टक्क्यांनी घसरला.

आणि नेमक्या याच काळात जग उलट्या दिशेने चालले होते. लंडनमध्ये सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांची काळजी घेणारी संस्था, सुरू केले होते. आधी परिचारिका, मग समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झालेल्या या बाईंचा आग्रह साधा होता: दुखणे उफाळून येईपर्यंत थांबू नका. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून पुढचा डोस चार तासांनी, रुग्णाने मागायच्या आत. दुखण्यात शरीराबरोबर मनाचा, घरच्या विवंचनांचा आणि श्रद्धेचाही भाग असतो, हेही त्यांनीच ठासून मांडले. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये तीन पायऱ्यांची पद्धत जाहीर केली: आधी पॅरासिटामॉलसारखी औषधे, मग कोडीनसारखी सौम्य अफूजन्य औषधे, मग मॉर्फिन. जमेल तोवर तोंडाने, घड्याळाप्रमाणे, पायरीपायरीने. इतक्या स्वस्त आणि सोप्या उपायाची जगभर शिफारस होत असताना आपल्याकडे त्याची शेवटची पायरीच काढून घेतलेली होती. त्याच १९८६ साली डॉ. लुईस डिसोझा यांनी वांद्र्याला ‘शांती अवेदना’ हे देशातले पहिले हॉस्पिस उभे केले. पुढे गोव्यात लोटलीलाही त्याची शाखा निघाली.

खरी कोंडी फुटली ती केरळमध्ये. भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये कोळिकोड मेडिकल कॉलेजात वेदनाशमनाचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला आणि मॉर्फिन रुग्णांच्या हाती देऊन घरी पाठवायला सुरुवात केली. लोक व्यसनी होतील, गोळ्या बाजारात जातील, ही भीती सगळ्यांनाच होती. तिला उत्तर मिळाले आकड्यांत. दोन वर्षांत १,७२३ रुग्णांना मॉर्फिन दिले गेले, त्यात गैरवापराचे किंवा गोळ्या बाहेर गेल्याचे एकही प्रकरण आढळले नाही. ही पाहणी २००१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत वजनदार कागद हाच. बद्धकोष्ठ मात्र मॉर्फिन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला होतो आणि सोबत पोट साफ होण्याचे औषध लिहून द्यावेच लागते. व्यसनाची चर्चा करताना ही रोजची अडचण कोणी बोलत नाही.

केंद्राने १९९८ मध्येच राज्यांना नियम सोपे करायला सुचवले होते. सूचना ती सूचनाच, अनेक राज्यांनी ती फाइलीत ठेवली. २००७ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर फेब्रुवारी २०१४ मध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि पुढच्या वर्षी नियम आले. मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन आणि हायड्रोकोडोन या सहा औषधांना ‘अत्यावश्यक’ ठरवून ती राज्यांच्या वेगवेगळ्या नियमांतून बाहेर काढली. आता मान्यताप्राप्त संस्थेला औषध प्रशासनाची एकच मंजुरी पुरते.

कागदावर प्रश्न सुटला. पण ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आयोगाच्या २०१७ मधल्या हिशोबानुसार भारतात गरजेच्या फक्त ४ टक्के अफूजन्य वेदनाशामके पोहोचत होती. युगांडात ११ टक्के. मुंबईच्या टाटा रुग्णालयात असाध्य रुग्णांच्या वेदनाशमनाच्या शाखेचा एम.डी. अभ्यासक्रम २०१२ मध्ये सुरू झाला. एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात मरणासन्न रुग्णांच्या वेदनाशमनाचा समावेश झाला तो २०१९ च्या फेररचनेत. म्हणजे आज तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारे बहुतेक डॉक्टर त्याआधीच शिकून बाहेर पडलेले आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी मॉर्फिनची चिठ्ठी एकदाही लिहिलेली नसेल.