वेव्हटेबल आणि ग्रॅन्युलर: नॉब सारखा दिसतो, काम सारखं नाही

एक्स्फर रेकॉर्ड्सचा 'सिरम २' हा संगणकावर चालणारा सिंथेसायझर मार्च २०२५ मध्ये आला. वेव्हटेबल आणि ग्रॅन्युलर या त्यातल्या आवाज तयार करण्याच्या दोन पद्धती. सिरम १ घेतलेल्यांना तो पैसे न भरता मिळाला, त्यामुळे आठवड्याभरात ज्याच्या-त्याच्या संगणकावर होता. तेव्हापासून त्याच्याबद्दल दोन मतं सतत ऐकू येतात. पहिलं: "ग्रॅन्युलर म्हणजे वेव्हटेबलच, नाव फक्त नवं." दुसरं: "ग्रॅन्युलर मिळालं, आता वेव्हटेबल कशाला?" दोन्ही मतं चुकीची आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच गैरसमज आहे: दोन्हींचं काम एकच.

गैरसमज होणं साहजिक आहे. सिरम २ मध्ये ए, बी, सी असे तीन मुख्य ऑसिलेटर, म्हणजे मूळ आवाज निर्माण करणारे भाग, आहेत. प्रत्येकाला वेव्हटेबल, मल्टिसॅम्पल, सॅम्पल, ग्रॅन्युलर आणि स्पेक्ट्रल यांपैकी कुठलाही प्रकार देता येतो. चौकट तीच राहते, मधे आवाजाचं चित्र असतं आणि त्यात कुठून वाचायचं ते ठरवणारा एक नॉब असतो. त्या नॉबला एलएफओ (नॉब आपोआप मागे-पुढे हलवणारी संथ लाट) लावला की दोन्हीकडे आवाज "सरकतो". डोळ्यांना काम एकच वाटतं, पण कानाला तसं वाटत नाही.

वेव्हटेबल बहुतेकांना पाठ आहे, म्हणून थोडक्यात. एका फ्रेममध्ये लाटेचं एकच पूर्ण आवर्तन असतं. सिरममध्ये ते २०४८ नमुन्यांचं (म्हणजे लाटेच्या २०४८ डिजिटल मोजमापांचं), आणि एका टेबलात जास्तीत जास्त २५६ फ्रेम. सूर दाबला की निवडलेली फ्रेम त्या सुराच्या कंपनसंख्येइतक्या वेळा दर सेकंदाला फिरते. हॅम्बुर्गच्या वोल्फगांग पाम यांनी पीपीजी या कंपनीच्या वाद्यांत ही पद्धत आणली तेव्हा मेमरी फार महाग होती. आख्खा आवाज साठवणं परवडत नव्हतं, म्हणून एकेक आवर्तन साठवलं. नव्वदच्या दशकात साउंड कार्डांच्या खोक्यावर जे "वेव्हटेबल" लिहिलेलं असे, ते खरं तर साधं सॅम्पल वाजवणं होतं. त्याचा इथे संबंध नाही.

खरी मेख इथे आहे. वेव्हटेबलच्या फ्रेममध्ये वेळ नसतो. एकच आवर्तन हुबेहूब तसंच पुन्हा-पुन्हा वाजत असल्यामुळे त्यात फक्त मूळ सुराच्या पूर्ण पटीतले स्वरांश (सुरात मिसळलेल्या वेगवेगळ्या कंपनसंख्या) मावतात: दुप्पट, तिप्पट, चौपट, असे. २.७ पट असा स्वरांश तिथे राहूच शकत नाही. त्याला शेजारच्या पूर्ण पटीत ढकललं जातं किंवा तो नाहीसा होतो. ग्रॅन्युलरमध्ये ग्रेन, म्हणजे दाणा, हा खऱ्या ध्वनिमुद्रणातून कापलेला वेळेचा तुकडा असतो, दोन्ही कडांना हळुवार उतरवलेला. त्या तुकड्यात स्वरांश कसेही असोत, श्वास असो, खरखर असो, जे होतं ते तसंच येतं.

हे कानानं पडताळायला पाच मिनिटं लागतात, आणि मत देण्याआधी ती प्रत्येकानं द्यावीत. तानपुऱ्याच्या जोडीच्या एकाच तारेचा, पांढरी एकच्या (पेटीच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीच्या) सा मधला, लांब आघात घ्या. मुद्रण कोरडं, मोनो असावं. तो एकच आघात ऑसिलेटर ए मध्ये वेव्हटेबल म्हणून आणि बी मध्ये ग्रॅन्युलर म्हणून टाका. दोन्हीकडे वाचनाची जागा आघातानंतर साधारण अर्ध्या सेकंदावर आणा आणि तिथेच थांबवा. एलएफओ नाही, रिव्हर्ब नाही. एकेक करून तोच सा धरून ठेवा.

वेव्हटेबल गोठेल. स्वच्छ, स्थिर, ऑर्गनसारखा सूर येईल, कारण १३०.८ हर्ट्झचं एकच आवर्तन फिरतंय. ग्रेन १०० मिलिसेकंदांचा ठेवला असेल तर त्याच्या पोटात अशी तेरा आवर्तनं आहेत, आणि जवारीमुळे, म्हणजे घोडीवर तार घासून येणाऱ्या झणकारामुळे, त्यातलं प्रत्येक आवर्तन शेजारच्यापेक्षा किंचित वेगळं आहे. म्हणून नॉब थांबलेला असूनही आवाज आतून हलत राहतो. वेव्हटेबलमध्ये हालचाल हवी असेल तर ती तुम्हाला बाहेरून द्यावी लागते. ग्रॅन्युलरमध्ये ती मुद्रणातच असते, तुम्ही फक्त तिचा वेग ठरवता.

आता या फरकाकडे दुर्लक्ष केलं की काय बिघडतं ते.

तानपुऱ्याच्या चारही तारांची पूर्ण फेरी उचलून वेव्हटेबलमध्ये टाकणं ही सर्वात जास्त दिसणारी चूक. पंचमाचं आवर्तन, साचं आवर्तन आणि खर्जाचं आवर्तन वेगवेगळ्या लांबीचं असतं, एका मापाच्या फ्रेममध्ये तिन्ही बसणार नाहीत. एकच तार घेतली तरी माप द्यावं लागतं. ४४,१०० च्या सॅम्पल रेटला पांढरी एकच्या साचं एक आवर्तन सुमारे ३३७ नमुन्यांचं आहे. आयात करताना फ्रेमची लांबी ३३७ द्या, सिरम ते ताणून २०४८ करतो. हे न सांगता मुद्रण सरळ २०४८ च्या तुकड्यांत कापलं, तर एका फ्रेममध्ये सहाहून किंचित जास्त आवर्तनं शिरतात. मग सा दाबल्यावर दोन सप्तकं वरचा पंचम ऐकू येतो, आणि उरलेल्या अपुऱ्या तुकड्यामुळे जोडावर करकर येते. यावर "सिरम बेसूर वाजतो" असं मत देणारे थोडे नाहीत. सिरम बेसूर नाही, माप चुकलेलं आहे.

माप बरोबर दिलं तरी एक मर्यादा राहतेच. २५६ आवर्तनं म्हणजे या सुराला फक्त १.९६ सेकंद. जवारीची फुलत जाणारी छटा त्याहून बरीच लांब चालते. वरच्या सुराचं मुद्रण घेतलं तर हिशोब आणखी तोकडा होतो: ४४० हर्ट्झला २५६ फ्रेम म्हणजे ०.५८ सेकंद. सगळी फुलण्याची क्रिया हवी असेल तर दर तिसरं-चौथं आवर्तन घ्या आणि टेबलाच्या मॉर्फ मेनूतून मधल्या जागा भरा. तिथे साध्या क्रॉसफेडपेक्षा (एक फ्रेम मावळत दुसरी उगवण्यापेक्षा) मूळ स्वरांशाचा फेज (लाट आवर्तनात कुठून सुरू होते ते) शून्यावर आणणारा स्पेक्ट्रल पर्याय निवडावा. फेज जुळत नसलेल्या दोन फ्रेमचा क्रॉसफेड केला की मधोमध त्या एकमेकांना खातात आणि सरकताना आवाज पोकळ होतो.

टाळ, घुंगरू, मंदिराची घंटा हे वेव्हटेबलमध्ये टाकूच नयेत. या धातूंचे स्वरांश पूर्ण पटीत नसतात, आणि त्यातच त्यांची ओळख असते. फ्रेममध्ये कोंबले की टाळाचा कर्कश ऑर्गन होतो.

ग्रॅन्युलरची दुखणी वेगळी आहेत, आणि तिथे तर वेव्हटेबलची सवयच आड येते. वेव्हटेबलला मूळ सूर सांगावा लागत नाही, आवर्तन कितीदा फिरवायचं हे कीबोर्डच ठरवतो. ग्रॅन्युलरला मुद्रणाचा मूळ सूर माहीत असावाच लागतो. काळी एकमध्ये मुद्रित केलेलं सॅम्पल टाकून मूळ सूर पांढरी एकवर ठेवला, तर सगळं वादन अर्धा सूर चढं लागतं. सॅम्पल टाकल्यावर पहिलं काम हेच करावं.

दुसरं दुखणं ग्रेनच्या लांबीचं. "जितका बारीक ग्रेन तितका तपशील" हा समज साफ उलटा आहे. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्येच दाखवून दिलं की आवाजाचा तुकडा वेळेत जितका आखूड, तितकी त्याची कंपनसंख्या पसरट. ढोबळ हिशोब असा: १०० मिलिसेकंदांच्या ग्रेनमध्ये सूर सुमारे १० हर्ट्झ पसरतो, १० मिलिसेकंदांच्या ग्रेनमध्ये सुमारे १०० हर्ट्झ. पांढरी एकचा सा १३०.८ वर आणि शुद्ध रे साधारण १४७ वर. अंतर १६ हर्ट्झ. म्हणजे १० मिलिसेकंदांच्या ग्रेनला सा आणि रे यांतला फरकच धरता येत नाही. खर्जाचं एक आवर्तन १५ मिलिसेकंदांचं आहे, ते त्या ग्रेनमध्ये पुरतं मावतसुद्धा नाही. सूर हवा असेल तर ८० ते १२० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. २० च्या खाली फक्त खरखर, पाऊस, वाळू असं काही हवं असेल तेव्हाच जा.

तिसरं, ग्रेन किती वेगानं सुटतात. सेकंदाला १०० ग्रेन अगदी समान अंतरानं सोडले, तर त्या अंतराचाच १०० हर्ट्झचा गुंजारव ऐकू येतो, मुद्रण कोणतंही असो. "सिरम २ चं ग्रॅन्युलर यांत्रिक वाजतं" ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते. ग्रेन सुटण्याच्या वेळेत आणि वाचनाच्या जागेत थोडी अनियमितता घाला, जागेची ५ ते २० मिलिसेकंद पुरते. संख्या आणि लांबी यांचा गुणाकारही बघा: सेकंदाला २० ग्रेन, प्रत्येकी १०० मिलिसेकंद, म्हणजे कुठल्याही क्षणी दोन ग्रेन एकमेकांवर. हा आकडा एकच्या खाली गेला की मधे भोकं पडतात आणि आवाज थरथरतो. सूर असलेल्या मुद्रणासाठी चार ते सहा बरा. दहाच्या पुढे आवाज गढूळ होतो, आणि मुद्रणातच रिव्हर्ब असेल तर चिखल.

एक कोपरा असा आहे जिथे दोन्ही पद्धती खरोखर भेटतात. ग्रेन बरोबर एका आवर्तनाएवढा केला आणि ग्रेनचा वेग कीबोर्डच्या सुराला बांधला, की ग्रॅन्युलर जवळजवळ वेव्हटेबलसारखं वागतं. "दोन्ही एकच" म्हणणारे या कोपऱ्याकडे बोट दाखवतात. पण ती एक विशिष्ट मांडणी आहे, आणि तिथे वेव्हटेबलच वापरावं. ते स्वच्छ वाजतं, कारण वरच्या सप्तकांसाठी वेव्हटेबलच्या कमी स्वरांशांच्या आवृत्त्या तयार असतात. सॅम्पलमधला ग्रेन दोन सप्तकं वर खेचला की न मावणारे स्वरांश उलटून खाली येण्याचा धोका असतो.

ग्रॅन्युलर सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या प्रोसेसरवर, फार भार टाकतं ही कुरकुर खरी आहे, पण ती प्रोग्रॅमच्या ढिसाळपणापेक्षा गणिताची आहे. चार सुरांची जुळणी आणि चार पट युनिसन (प्रत्येक सुराच्या चार किंचित सरकवलेल्या प्रती) म्हणजे वेव्हटेबलमध्ये एकाच वेळी १६ वाचक. तीच मांडणी ग्रॅन्युलरमध्ये सहा ग्रेन एकमेकांवर ठेवून केली की ९६. ग्रॅन्युलरवर युनिसन लावण्याची गरज क्वचितच असते, ग्रेनची अनियमितता आणि डावी-उजवी पसरण तेच काम करते. युनिसन एकवर आणा, निम्म्या तक्रारी तिथेच मिटतील.

व्हायटलबद्दल एकच वाक्य, कारण चुकीचा सल्ला फार फिरतो: मॅट टायटेल यांचा व्हायटल हा वेव्हटेबल सिंथेसायझर उत्तम आहे, त्याची मोफत आवृत्तीही भरपूर देते, पण त्यात ग्रॅन्युलर ऑसिलेटर नाही, आणि वेव्हटेबलचा नॉब वेगानं हलवल्यानं तो तयार होत नाही. ग्रॅन्युलर हवं असेल तर आर्टुरियाचा पिग्मेंट्स किंवा एबलटन लाइव्ह सूटमधला रॉबर्ट हेंके यांचा ग्रॅन्युलेटर बघा. किमती, दिसणं, प्रीसेट यांवर वेळ घालवू नका.

कुठे काय वापरावं याबाबत ठाम मत आहे. बेस कायम वेव्हटेबलवर, फेजची अनियमितता शून्यावर ठेवून, म्हणजे प्रत्येक आघात एकसारखा सुरू होतो. ग्रॅन्युलर बेसमध्ये प्रत्येक ग्रेनचा फेज वेगळा पडतो, खालचा भाग कधी भरतो कधी रिकामा होतो, आणि कंप्रेसर लावून ते सुधारत नाही. उलट माणसाचा आलाप, सनई, बासरीतला श्वास, पावसाचा आवाज हे ग्रॅन्युलरवरच. एकाच पॅचमध्ये दोन्ही हवे असतील तर खालचा सूर ए मध्ये वेव्हटेबलवर ठेवा, वर बी मध्ये ग्रॅन्युलर, आणि बी ला २०० ते २५० हर्ट्झच्या खाली फिल्टरनं कापा. अनियमितता लावलेलं ग्रॅन्युलर दर वेळी थोडं वेगळं वाजतं, म्हणून आवडलेलं वादन सापडलं की मिक्सिंगला बसण्याआधीच तो ट्रॅक ऑडिओ करून ठेवा.