ब्लॉक वेगळा, गाठीभोवतीचं इंजेक्शन वेगळं

मी भूलतज्ज्ञ. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला तपासायला गेले की हल्ली एक प्रश्न हमखास येतो. परवा डोंबिवलीच्या एका काकांनी विचारला. "मॅडम, हिला ब्लॉक देणार म्हणता, म्हणजे ते टाटाचं कॅन्सर परत न येण्याचं इंजेक्शनच ना?" हातात मोबाइल, त्यावर कुणीतरी पाठवलेला फॉरवर्ड.

घोटाळा होणारच. ऑपरेशन तेच, सुई तशीच, औषधंही एकाच घराण्यातली, बधिर करणारी. पण कामं अगदी निराळी.

ब्लॉक म्हणजे नसांजवळ बधिर करणारं औषध सोडणं, ऑपरेशननंतर दुखू नये म्हणून. तो आम्ही भूलतज्ज्ञ देतो, सोनोग्राफीत बघत, आणि सुई गाठीच्या आसपासही जात नाही. एक जागा पाठीत, मणक्याच्या बाजूला, जिथून छातीच्या नसा बाहेर पडतात. हा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक १९०५ पासून माहीत आहे. त्याने स्तन आणि काखेचा बराच भाग चांगला बधिर होतो, पण फुप्फुसाचं आवरण तिथून फार लांब नसतं, त्यामुळे हात बसलेला हवा. दुसरी जागा पुढे, छातीच्या स्नायूंच्या थरांमध्ये. हा पेक्स ब्लॉक ब्लँको यांनी २०११ मध्ये मांडला. भूल दिल्यावर, पेशंट उताणी असतानाच देता येतो. मात्र छातीच्या मधल्या हाडाकडची बाजू त्यात नीट बधिर होत नाही. मोठ्या ऑपरेशनला माझा कल पाठीकडे असतो. २०२० च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींतही पहिली पसंती पॅराव्हर्टिब्रल ब्लॉकलाच आहे. रोपिव्हकेन किंवा ब्युपिव्हकेन ही बराच वेळ टिकणारी औषधं वापरली की पहिली रात्र बरीचशी निभते, मॉर्फिनसारखी औषधं कमी लागतात आणि मळमळही कमी होते.

आता काकांचं इंजेक्शन. ते सर्जन देतात. पेशंट भुलीत असताना, गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी, गाठीच्या चहूबाजूंनी पातळ, अर्धा टक्क्याचं लिग्नोकेन टोचतात. परळच्या टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या नेतृत्वाखालच्या अभ्यासातून हे पुढे आलं. निष्कर्ष २०२३ मध्ये छापून आले. त्यात १५८३ बायकांचा हिशेब आहे. पाच वर्षांनी आजार न उलटता जगणाऱ्यांचं प्रमाण इंजेक्शनच्या गटात ८६.६ टक्के, दुसऱ्या गटात ८२.६. इतक्या स्वस्त, जुन्या औषधासाठी हा फरक लहान नाही. ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो तेव्हा पेशींनी पसरायची तयारी करू नये, त्यांच्या पडद्यावरचे सोडियमचे दरवाजे बंद राहावेत, असा त्यामागचा तर्क. दुखणं थांबवणं हा हेतूच नव्हता. लिग्नोकेनचा असर तास-दोन तासांत ओसरतो.

मग ब्लॉकनेही कॅन्सर अडत असेल का? ही आशा आम्हा भूलतज्ज्ञांनाही होतीच. दोन हजारांहून जास्त बायकांवरचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक दिलेल्या आणि न दिलेल्या, दोन्ही गटांत आजार उलटण्याचं प्रमाण सारखंच, सुमारे दहा टक्के. म्हणून ब्लॉक दिला म्हणजे टाटाचं इंजेक्शन झालं असं समजू नये.

दोन्ही एकाच पेशंटला देता येतात, पण बेरीज करावी लागते. वजनाच्या किलोमागे लिग्नोकेन जास्तीत जास्त ४.५ मिलिग्रॅम, रोपिव्हकेन साधारण ३, आणि दोघांचा विषारी परिणाम एकमेकांत मिळतो. दोन्ही औषधं पूर्ण मापाने दिली तर झटके येऊ शकतात, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी आधी एकमेकांशी बोलायला हवं, आणि या विषारी परिणामावरचा उतारा, लिपिड इमल्शनची बाटली, थिएटरमध्ये हवी.

काकूंची आधी केमो झाली होती. टाटाचा अभ्यास थेट ऑपरेशनला येणाऱ्या, सुरुवातीच्या टप्प्यातल्या बायकांचा. तो त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही. सर्जनशी बोलून आम्ही फक्त ब्लॉक दिला. दुसऱ्या दिवशी त्या उठून बसल्या होत्या, चहा झाला होता. तिसऱ्या दिवशी काका पुन्हा भेटले. "दंडाची आतली बाजू अजून बधिर आहे म्हणते. तुमचा ब्लॉक उतरला नाही वाटतं?"

ब्लॉक कधीच उतरला होता. काखेतल्या लसिकाग्रंथी काढताना तिथून दंडाकडे जाणारी एक बारीक नस दुखावते किंवा कापली जाते, त्याची ती बधिरता. काही महिने राहते, कधी कायमची.