९० नंबर ऑइल की चेन स्प्रे? आधी चेन कोणती ते बघा

बाइकवाल्यांमध्ये हा वाद कधी संपत नाही. एका गटाचं म्हणणं, ९० नंबरचं गिअर ऑइल आतपर्यंत मुरतं, स्प्रे नुसता वरवर चिकटतो. दुसऱ्या गटाचं म्हणणं, ऑइल चौकापर्यंतही टिकत नाही, सगळं रिमवर. दोन्ही खरं आहे. पण समोरच्याच्या गाडीला चेन कोणती आहे, साधी की रबरी रिंगवाली (ओ-रिंग), हे कोणीच विचारत नाही.

गिअर ऑइलची ओळख करून द्यायला नको. गंधकासारखा वास मारणारं, डब्यावर ईपी ९० किंवा ८०डब्ल्यू९० लिहिलेलं ते ऑइल कुठल्याही गॅरेजात मिळतं. फक्त ९० आकडा बघून ते २०डब्ल्यू५० इंजिन ऑइलपेक्षा कितीतरी घट्ट असेल असं समजू नका. गिअर ऑइलची मोजपट्टीच वेगळी आहे. इंजिन ऑइलच्या मापात ते साधारण ४०-५० नंबरच्या आसपास बसतं. चेन स्प्रेमध्ये चिकट वंगण उडून जाणाऱ्या द्रावकात पातळ करून भरलेलं असतं. मारताना पाण्यासारखा, थोड्या वेळाने चिकट.

आता मुद्द्याचं. चेन मुख्यतः झिजते ती पिन (सांध्यातली दांडी) आणि बुश (ती दांडी जिच्यात फिरते ती नळी) यांच्यामध्ये. ‘चेन लांबली’ म्हणतो तेव्हा लोखंड ताणलं गेलेलं नसतं. शंभरेक कड्यांच्या प्रत्येक सांध्यात पिन आणि बुश थोडे थोडे घासले जातात आणि त्या सगळ्याची बेरीज आपल्याला ढिलाई म्हणून दिसते. म्हणजे वंगणाची खरी गरज सांध्याच्या आत आहे, वरून दिसणाऱ्या पट्ट्यांवर नाही.

साध्या चेनमध्ये, म्हणजे स्प्लेंडरसारख्या गाड्यांच्या बंद कव्हरात असते तिच्यात, तिथपर्यंत वंगण आपणच पोचवायचं असतं. वाट एकच: आतली पट्टी आणि बाहेरची पट्टी यांच्यामधली बारीक फट. तिथून तांबूस भुकटी बाहेर पडताना दिसली की सांधा आतून कोरडा पडलाय असं समजा. मग वरून चेन कितीही काळीभोर, तेलकट दिसो.

ओ-रिंग चेनमध्ये ही फटच बंद केलेली असते. कारखान्यात पिन-बुशमध्ये ग्रीस भरतात आणि दोन्ही बाजूंनी रबरी रिंग दाबून बसवतात. ड्यूक, पल्सर एनएस २०० या गाड्यांवर अशी चेन येते. एक्स-रिंग हा त्याच घराण्यातला प्रकार, फक्त रिंगचा छेद वेगळा. इथे ‘ऑइल आत मुरतं’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. आत जायला वाट नाही आणि नसलीच पाहिजे. बाहेरचं ऑइल आत जात असेल, तर आतलं ग्रीसही बाहेर येत असणार. एखादी कडी आखडलेली दिसली आणि तिच्याशीच तांबूस भुकटी असेल, तर तिथली रिंग गेली. त्यावर ना ऑइल चालेल ना स्प्रे. चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाकं) बदलायची तयारी ठेवा.

मग ओ-रिंग चेनला वरून काही लावायचंच कशाला? रोलर, म्हणजे बुशवरची बाहेरची फिरती नळी, बुशवर फिरतो ती जागा रिंगच्या संरक्षणात येत नाही. रोलर स्प्रॉकेटवर आपटतो तिथेही थर लागतो. पट्ट्या गंजू नयेत आणि रबर कोरडं पडून चिरू नये, यासाठीही. पण ही सगळी बाहेरची कामं आहेत आणि ती दोन्ही वंगणं करतात.

चेन कोणती ते ओळखणं सोपं आहे. एक कडी फडक्याने पुसा आणि पट्ट्यांच्या मध्ये बघा. पिनेभोवती काळी रबरी कड दिसली की ओ-रिंग.

साध्या चेनला माझ्या मते ९० नंबरच. पातळच राहतं, म्हणून फटीत शिरतं. उडालेलं कव्हरच्या आत राहतं. स्प्रेही थोडा शिरतो, पण द्रावक उडाल्यावर जे घट्ट होतं ते पुन्हा आत सरकत नाही. उघड्या ओ-रिंग चेनला पावसाळ्यात स्प्रे, कारण ताम्हिणी घाटातल्या पावसात ऑइल टिकत नाही. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या धुळीत मात्र मी तिलाही ऑइलच लावेन. चिकट थरावर धूळ बसली की व्हॉल्व्ह घासायला वापरतात तशी खरखरीत पेस्ट तयार होते, आणि ती स्प्रॉकेटचे दात खाते.

जळकं इंजिन ऑइल ब्रशने फासणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत. त्यात काजळी असते, धातूचा चुरा असतो. तेच तुम्ही सांध्यात घालता. उघड्या चेनवर ग्रीस थापणारे त्यांचेच भाऊबंद. डब्ल्यूडी-४० च्या नेहमीच्या निळ्या-पिवळ्या डब्याने ओलावा काढा, गंज सोडवा. चेनचं वंगण म्हणून तो फार पातळ. आणि वॉशिंग सेंटरवाल्याला जेटचा फवारा चेनवर अगदी जवळून मारू देऊ नका, रिंगखालून पाणी आत ढकललं जातं. धुवायला रॉकेल आणि मऊ ब्रश पुरे. पेट्रोल नको, रबर फुगतं. तारेचा ब्रश तर नकोच.

लावायचं ते चेनच्या आतल्या बाजूने, स्प्रॉकेटला लागते त्या अंगाला, म्हणजे फिरताना ते आपोआप बाहेरच्या दिशेने पसरतं. स्प्रे मारायचा तर रात्री, गाडी चालवून आल्यावर चेन कोमट असताना. सकाळी निघता निघता मारतात आणि मग ‘स्प्रेपण उडतो’ म्हणून ओरडतात. द्रावक उडायला वेळ दिला तर ना! जास्तीचं फडक्याने टिपून घ्या. चाक हाताने फिरवा, इंजिन बंद ठेवून. इंजिन चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनवर फडकं धरायची पद्धत अजून दिसते. फडकं चेनमध्ये अडकलं की मागोमाग बोटं जातात.